अठरा कानांची प्लेलिस्ट

मी डीटीपीचं काम करतो. नारायण पेठेत जिन्याखालची खोली, समोर लग्नपत्रिका आणि कानात हेवी मेटल, असं पंचवीस वर्षं चाललंय. ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ ही ओळ मधोमध बसवताना माझ्या कानात रॉनी जेम्स डिओ गरजत असतो, हे पत्रिका छापून नेणाऱ्यांना ठाऊक नसतं. नसलेलंच बरं.

आमच्याकडं हे संगीत बहुतेक एकट्यानं ऐकायचं. घरात कुणाला सोसत नाही, शेजाऱ्यांना तर नाहीच. १ फेब्रुवारी २००८ला आयर्न मेडननं आपल्या जगभरच्या दौऱ्याचा नारळ मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात फोडला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्यासारखी हजारो माणसं आहेत आणि त्यांनाही शब्द पाठ आहेत. परतताना कुर्ला स्टेशनात गाडीची वाट बघत उभे होतो. तिथं चौघांची ओळख झाली. एकाचा घसा पार बसलेला, एकाचा एक बूट गर्दीत राहिलेला. पुढं ओळखीतून ओळख निघत नऊ झालो, आणि २०२२च्या पावसाळ्यात ठरवलं की ट्रॅडिशनल आणि पॉवर मेटलची एक प्लेलिस्ट सगळ्यांनी मिळून करायची. ती वर्षभर चालली. ग्रुपमध्ये आम्ही एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारतो, इथंही तीच नावं ठेवलीत.

१. दार सताड उघडं ठेवलं की यादीचा उकिरडा होतो

पहिली यादी ‘कुणीही, कधीही, कितीही’ अशी होती. डोंबिवलीनं पहिल्याच रात्री एकशे चाळीस गाणी ओतली. दोन आठवड्यांत आकडा सहाशेवर गेला. सगळे टाकत होते, ऐकत कुणीच नव्हतं. माझी स्वतःची चाळीस टाकून झाली होती आणि दुसऱ्याचं एकही ऐकलेलं नव्हतं. दहीहंडीला सगळेच वरच्या थरावर चढायला निघाले तर जे होईल ते झालं.

पुसली सगळी. नवे नियम केले. माणशी महिन्याला एक गाणं. एका बँडचं अख्ख्या यादीत एकच. सोबत चार ओळींचं कारण. आणि आपलं गाणं टाकण्याआधी मागच्या महिन्यातली बाकीच्या आठांची गाणी ऐकलेली असली पाहिजेत. नऊ माणसं, बारा महिने, म्हणजे १०८ गाणी. हा हिशेब मी फोनवर करत होतो तेव्हा आई गवार मोडत बसली होती. म्हणाली, “एकशे आठ? म्हणजे जपमाळच की रे!” आम्ही काय ऐकतो ते तिला चांगलं माहीत आहे. माहीत असूनच म्हणाली.

एका बँडचं एकच गाणं, हा नियम ऐकायला साधा होता, पण त्यानं झोप उडवली. आयर्न मेडन खर्च कोण करणार आणि कुठल्या गाण्यावर? ‘हॅलोड बी दाय नेम’च्या बाजूनं पाच जण, ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’च्या बाजूनं तिघं, आणि नाशिकचं म्हणणं, मेडन म्हणजे पॉल डिआनो गात होता तोवरचंच, त्यापुढचं सगळं सर्कस. सात महिने मेडनला कुणी हात लावला नाही. पंगतीत ताटातली शेवटची पुरणपोळी कुणीच उचलत नाही, तसं.

मग वकिली मुद्दे आले. ऑझी गात असतानाचं ब्लॅक सबाथ आणि डिओ आल्यानंतरचं ब्लॅक सबाथ हे एक की दोन? मतदान झालं. एक. म्हणजे १९८०चं ‘हेवन अँड हेल’ यादीबाहेर. मला ते अजून सलतं.

२. व्याख्येवर भांडा, पण घड्याळ लावून

ट्रॅडिशनल कशाला म्हणायचं आणि पॉवर कशाला, यावर भांडल्याशिवाय ही मंडळी जेवत नाहीत. आम्ही एक रविवार त्याला देऊन टाकला, सकाळी दहा ते दुपारी एक. नंतर तो विषय काढायचा नाही असं ठरलं. अर्थात निघायचाच.

घराणी सांगितल्यासारखं सांगतो. ट्रॅडिशनलचं मूळ इंग्लंडकडं. जुडास प्रीस्ट, मेडन, सॅक्सन. दोन गिटार एकमेकींचा हात धरून चालतात, गायक मोकळ्या गळ्यानं, शब्द कळतील असा गात वर चढतो, आणि ब्लूजचा ओलावा हळूहळू वाळत गेलेला असतो. प्रीस्टचा १९७६चा ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’ ऐकला की तो वाळत असताना सापडतो, निम्मा ओला, निम्मा कोरडा. पॉवर मेटलचं युरोपातलं घराणं हॅम्बुर्गच्या हेलोवीनपासून धरायची रीत आहे. ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’चा पहिला भाग १९८७चा, दुसरा १९८८चा. पायांनी वाजवायचे दोन ड्रम अखंड चालू, वरती हसऱ्या वळणाचा कोरस, आणि मिखाएल किस्के नावाचा विशीही न गाठलेला गायक. त्याचा आवाज वर जाताना कुठं टेकतच नाही. अमेरिकेतलं पॉवर मेटल याहून निराळं, जॅग पँझरसारखं. थोराड, काळवंडलेलं, दात आवळून वाजवलेलं. नाव तेच, पण दोघांना एका खोलीत ठेवलं तर जेवणावरून वाद होईल.

गाडी अडली ती ‘पेनकिलर’वर. १९९०चा जुडास प्रीस्टचा हा अल्बम ट्रॅडिशनलच्या थोरल्या बँडनं केलेला, पण त्यातली सुरुवातीची ड्रमची झोड ऐकून पॉवरवाल्यांनी आपापली दुकानं थाटली. मग तो कुठला? एक वाजायला दहा मिनिटं होती. चिंचवड काका, म्हणजे आमच्यातले सगळ्यांत वडील, वय अठ्ठावन्न, म्हणाले, “कोरस दुसऱ्यांदा आला की मान हलते की हात वर जातो ते बघा. मान हलली तर ट्रॅडिशनल, हात वर गेला तर पॉवर.”

“आणि ‘पेनकिलर’ला, काका?”

“तिथं कंबर धरावी लागते.”

सभा संपली.

३. ‘भारी आहे’ हे कारण नव्हे

पहिल्या महिन्यात नऊपैकी सहा कारणांत ‘भारी’ हा शब्द होता, दोनांत ‘अंगावर काटा’. नववं कारण काकांचं. ते भोसरी एमआयडीसीत प्रेस शॉपला सुपरवायझर होते, म्हणजे पत्रा कापायचं आणि वाकवायचं काम. त्यांनी ब्लॅक सबाथचं १९७१चं ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ दिलं होतं आणि चार ओळींऐवजी दोन पानं लिहिली होती.

टोनी आयोमीची गोष्ट आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होती. बर्मिंगहॅममधला पत्र्याचा कारखाना, सतरा वर्षांचा पोरगा, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीननं उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं नेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवा. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. भाजलेल्या हाताच्या दोनच धड बोटांवर गिटार वाजवणारा माणूस. मग आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वरून चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या, आणि पुढं तारांचा ताण कमी व्हावा म्हणून गिटार सैल उतरवून लावली. ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’ ज्या अल्बमात आहे, त्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त ही उतरलेली गिटार पहिल्यांदा नीट ऐकू येते. मेटलचा तो जड, खालचा, पोटात बसणारा आवाज असा आला.

ही गोष्ट आम्ही शाळेतल्या धड्यासारखी पाठ केलेली. काकांनी लिहिलं होतं ते वेगळंच. त्यांच्या शॉपमध्ये प्रेसला दोन बटणं होती, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबल्याशिवाय स्ट्रोक खाली येत नाही. कारण उघड आहे, दोन्ही हात बटणांवर असले तर डायखाली एकही नसतो. पण टार्गेट गाठायचं म्हणून पोरं एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवायची. काकांची पहिली दहा वर्षं त्या पाचरी उपटण्यात गेली. “सकाळी राउंड मारताना खिशात पक्कड असायची. संध्याकाळपर्यंत चार-पाच पाचरी निघायच्या. ज्या दिवशी एक हुकली, तो दिवस मी सांगणार नाही. पण हे गाणं सुरू झालं की जी थप-थप-थप ऐकू येते ना, ती तुम्हाला घोड्याच्या टापा वाटते. मला पॉवर प्रेस वाटतो. आणि वाजवणाऱ्याची बोटं तिथंच गेली होती.”

नंतर बराच वेळ ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. मी ते गाणं हजार वेळा तरी ऐकलं असेल. त्या रात्री पहिल्यांदा त्यातली मशीन ऐकू आली.

तेव्हापासून ‘भारी’वर बंदी आली. मडगावनं दुसऱ्या महिन्यात आंग्रा या ब्राझीलच्या बँडचं ‘कॅरोलिना फोर’ दिलं. १९९६च्या ‘होली लँड’ अल्बमातलं हे दहा मिनिटांचं गाणं. तो अल्बम पोर्तुगीज जहाजं ब्राझीलला लागली त्या काळाभोवती फिरतो, आणि त्यात गिटारींच्या मधून ब्राझीलचे तालही येतात. मडगावनं लिहिलं, “पोर्तुगीज आमच्याकडंही उतरले होते. माझी आजी मांडो गायची, पोर्तुगीज वळणाचा आणि कोंकणी शब्दांचा. ब्राझीलच्या पोरांनी आपलं असलेलं मेटलमध्ये घातलं, आम्ही मात्र गोव्यात बसून वीस वर्षं इंग्लंडची नक्कल करत राहिलो.” आंद्रे मातोस, त्या गाण्याचा गायक, २०१९मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी गेला. मडगावनं ते लिहिलं नव्हतं. मी विचारल्यावर म्हणाला, कारणात मरण घातलं की लोक गाणं ऐकत नाहीत, हळहळतात.

४. शफल बंद

एवढंच. नऊ जणांनी महिनाभर एकमेकांच्या मागं कुठलं गाणं लागेल याचा विचार करायचा आणि यंत्रानं ते पत्त्यांसारखं पिसायचं, हे मला चालत नाही. बेंगळुरू शफलवरच ऐकायचा. कबूल करायचा नाही.

५. थट्टा करायची तर गाणं पुरतं ऐकून करा

हा धडा माझा स्वतःचा, आणि महागाचा.

सांगली आमच्यात सगळ्यांत लहान, तेवीस वर्षांचा. चौथ्या महिन्यात त्यानं ऱ्हॅप्सडी या इटलीच्या बँडचं ‘एमराल्ड स्वोर्ड’ दिलं. १९९८चं. पाचूची तलवार, शूर योद्धा, सैतानी राजा, मागं कॉयर, वरती तुतारीसारखा कीबोर्ड, सगळा सरंजाम. कारणात एकच ओळ होती, “लई गोड वाजतंय.”

मी चाळीसेक सेकंद ऐकलं असेल. लिहिलं, “रविवारी सकाळच्या पौराणिक मालिकेत राक्षस मेला की वाजायचं ते हेच ना?” हसरे चेहरे धो-धो आले. नाशिकनं तर तीन ओळी भरून पाठवले. कीबोर्ड दिसला की तो चपला घालतो. सांगलीनं उत्तर दिलं, “व्हय.”

पुढचे दोन महिने त्याच्याकडून गाणं वेळेवर यायचं, कारणाची जागा मात्र कोरी. माझ्या लक्षातही आलं नाही. मग एका दुपारी त्याचा फोन आला. चुलतबहिणीचं लग्न ठरलं होतं, पत्रिका करायची होती. मजकूर झाला, कागद ठरला, गणपती कुठला ठेवायचा ते झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाला,

“दादा, एक इचारू? ते गाणं पुरतं ऐकलासा काय?”

“हो, म्हणजे... ऐकलं की.”

“बरं.”

त्या ‘बरं’मध्ये सगळं होतं. रात्री दुकान बंद करून मी ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत तीनदा ऐकलं. लुका तुरिली गिटारवर आणि अॅलेक्स स्तारोपोली कीबोर्डवर, दोघं एखादी तान अर्धी-अर्धी वाटून घेतल्यासारखे पळतात. बरोक संगीताचा दागिना, पण वेग असा की एक स्वर घसरला तर अख्खी ओळ कोसळेल. मी सकाळी त्याला फोन केला आणि खरं सांगितलं. मग त्यानंही सांगितलं.

तो बेंजो पार्टीत बेंजो वाजवतो. सांगली-कोल्हापूरकडच्या वराती ज्यांनी पाहिल्यात त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, बटणं दाबून तारा छेडायचं, विजेवर चालणारं वाद्य. टेम्पोवर बसवलेले भोंगे, खड्ड्यातून गचके खात चाललेली गाडी, आणि त्यात उभं राहून डाव्या हातानं बटणं, उजव्या हातानं नखी. “दादा, वरातीत पळतं वाजवायचं म्हंजे काय ते आमचं आमाला म्हाईत. त्यो गिटारवाला जे वाजवतोय त्ये मी निम्म्या स्पीडवर तीन महिनं बसवलंय. अजून शेवटचं वळण सुटतंय.”

मला तलवार दिसली होती, त्याला बोटं ऐकू आली होती.

ग्रुपवर माफी मागितली. नाशिकनंही मागितली, तीही न सांगता, हे नोंदवून ठेवतो. आणि त्या तलवारीबद्दलही एक बोलून घेतो. पोवाड्यात शाहिरानं डफावर थाप मारून तलवार उपसली की आपला ऊर भरून येतो. इटलीतल्या ट्रिएस्टच्या या पोरांनी तीच उपसली की आपण तोंड दाबून हसतो. क्रिस्टोफर लीसारखा नट ऐंशी ओलांडल्यावर, २००४मध्ये, याच बँडच्या अल्बमात निवेदन करायला उभा राहिला. त्याला नाही वाटलं हसण्यासारखं.

६. एकाच वेळी ऐका, मग शिट्ट्याही ऐकू येतात

महिन्याच्या शेवटच्या रविवारी रात्री नऊला सगळ्यांनी फोन जोडून नऊ गाणी एकदम ऐकायची असं पाचव्या महिन्यापासून सुरू झालं. हॅम्बुर्ग ताई तिकडं परिचारिका आहेत. मूळच्या साताऱ्याच्या, शिफ्ट सांभाळून यायच्या. आपले नऊ म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे साडेपाच, थंडीत साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढं जातात, त्या दिवशी ताई साडेचारलाच फोन लावून बसल्या. आमच्याकडं आठच वाजले होते. तासभर एकट्याच आमच्या नावानं ओरडत होत्या. त्यांचा निरोप मी अजून ठेवलाय, त्यात साताऱ्याची भाषा आहे आणि इथं छापण्यासारखी नाही.

एकदा ताईंनी अॅक्सेप्टचं ‘फास्ट अॅज अ शार्क’ लावलं. १९८२चं. सुरू होतं ते खरखरत्या जुन्या रेकॉर्डवरच्या जर्मन गाण्यानं, बागेत फिरायला निघालेल्या मंडळींनी म्हणावं तसं. डोंबिवलीनं हे कधीच ऐकलेलं नव्हतं. एकशे चाळीस गाणी ओतणारा माणूस! “ताई, चुकीचं लागलंय, बंद करा,” असं तो म्हणतोय तोवर रेकॉर्डवर सुई फरफटल्याचा आवाज आला, पाठोपाठ किंकाळी, आणि दोन्ही पायांचे ड्रम सुटले. पलीकडून काहीतरी पडल्याचाही आवाज आला. ताट होतं म्हणे. गंमत बाजूला ठेवली तर पॉवर मेटलवाल्यांना जो वेग पुढं पुरला, त्याची एक थैली या गाण्यात भरून ठेवलेली आहे.

मेडन अखेर आठव्या महिन्यात लातूर मॅडमनी उचललं. त्या ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवतात. कोलरिजची १७९८ची ती कविता आणि १९८४च्या ‘पॉवरस्लेव्ह’मधलं, पावणेचौदा मिनिटांचं तिच्यावरचं गाणं. ‘हॅलोड’वाले पाच जण चरफडले. पण त्या रविवारी मधला शांत भाग आला, जहाजाची लाकडं करकरतायत, मागं नुसता बेस, समुद्रात वारा नाही. नऊ घरांत कुणी श्वास मोठ्यानं घेत नव्हतं. आणि डोंबिवलीच्या कुकरची शिट्टी झाली. एक, दोन, तीन.

मॅडम म्हणाल्या, “वारा आला वाटतं.”

आता ते गाणं कुठंही लागलं तरी त्या जागी मला तीन शिट्ट्या ऐकू येतात. मुंबईत २००८ला तेच गाणं समोर उभं राहून ऐकलं होतं, त्याची आठवण पुसट झाली आणि ही वरती बसली.

७. बायकांचे आवाज किती, ते मोजा

मॅडमनीच मोजले. पंचेचाळीस गाण्यांत शून्य. आम्हा सात पुरुषांना ते जाणवलंही नव्हतं, आणि “तशा फार नाहीतच” असं म्हणून मोकळे व्हायला निघालो होतो. मॅडमनी पुढच्याच महिन्यात वॉरलॉक दिलं, ड्युसेलडॉर्फची डोरो पेश, १९८७चा ‘ट्रायंफ अँड अॅगनी’. ताईंनी गर्लस्कूल, लंडनच्या चौघी, ज्या न्यू वेव्ह ऑफ ब्रिटिश हेवी मेटलच्या ऐन धामधुमीत होत्या. मग बेंगळुरूनं पोलंडचं क्रिस्टल व्हायपर. शोधलं तर होतं. शेवटी १०८त अकरा झाले. थोडेच आहेत, पण ‘नाहीतच’ म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला पुरे.

८. आजोबांची ओळख नातवाकडूनही होते

नाशिकचा कायदा होता, १९८९नंतरचं काही ऐकायचं नाही. बेंगळुरू बरोबर उलटा, नव्याच्या शोधात. त्यानं सॉल्ट लेक सिटीच्या व्हिसिगॉथचं ‘नेक्रोपोलिस’ दिलं, २०१५च्या अल्बमातलं. नाशिक ऐकून चक्रावला. “हे एवढं चांगलं कसं?” कारण ते गाणं मुळात मॅनिला रोडचं. कॅन्ससमधल्या विचिटाचा बँड, अल्बम ‘क्रिस्टल लॉजिक’, १९८३. म्हणजे नाशिकच्याच लाडक्या दशकातलं, आणि ते त्यालाच ठाऊक नव्हतं! जुनं सगळं ऐकून झालंय असं समजणाऱ्या माणसाला जुनं दाखवलं एका नव्या बँडनं.

मग नाशिक मॅनिला रोडमध्ये असा बुडाला की दोन महिने वर आला नाही. मार्क शेल्टनचा तो नाकातला, वाळूवर ओढल्यासारखा आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खटकतो, दहाव्यांदा त्याशिवाय चैन पडत नाही. जर्मनी आणि ग्रीसमध्ये लोक त्याला डोक्यावर घ्यायचे. २०१८च्या जुलैमध्ये जर्मनीतल्याच एका महोत्सवात वाजवून झाल्यावर तो गेला. मॅनिला रोड सापडल्यानंतरच्या महिन्यात नाशिकनं दिलेल्या गाण्याच्या कारणात पहिल्यांदा चारहून जास्त ओळी होत्या. आणि बेंगळुरूनं आपल्या गावचे क्रिप्टोस लावले, १९९८पासून जुन्या वळणाचं मेटल वाजवणारे. तेव्हा नाशिक इतकंच म्हणाला, “कीबोर्ड नाही ना? मग ठेव.” त्याच्याकडून ही शाबासकी.

९. वहीत लिहून ठेवा

दहाव्या महिन्यात एक गाणं करडं पडलं. नाव दिसतंय, वाजत नाही. हक्क कुणाकडून कुणाकडं गेले की असं होतं, कधी परत येतं, कधी नाही. एका छोट्या अमेरिकी बँडचं होतं, ताईंनी दिलेलं. तेव्हा कळलं की आमची माळ दुसऱ्याच्या खुंटीवर टांगलेली आहे. सुदैवानं लातूर मॅडम पहिल्या दिवसापासून एका दोनशे पानी वहीत सगळं उतरवत होत्या. गाणं, बँड, अल्बम, साल, कुणी दिलं, कारण, आणि समासात लाल पेननं स्वतःचे शेरे. माझ्या एका कारणासमोर ‘पाल्हाळ’ लिहिलंय. डोंबिवलीनं करडं पडलेलं गाणं जुन्या सीडीवर शोधून काढलं आणि ताईंना कुरियरनं पाठवलं. गाण्याच्या किमतीहून टपालखर्च चौपट. यादीत तो मणी अजून करडाच आहे, आम्ही काढला नाही.

१०. शेवटचं गाणं कुणाच्या वाट्याला येतंय ते आधी बघा

शेवटच्या महिन्यात क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवला. एकशे आठवं आलं सांगलीच्या नावावर. सगळ्यांना धाकधूक, कारण क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनला वर्षभर कुणीच खर्च केलेलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा कुणीतरी करेल. सांगलीनं ‘द बार्ड्स साँग, इन द फॉरेस्ट’ दिलं, १९९२चं. ड्रम नाहीत, वेग नाही, हाती घेतलेली साधी गिटार. त्यांच्या मैफलीत हे गाणं लागलं की गायक मागं सरतो आणि समोरचे हजारो लोक ते गातात. आरतीला जसा कुणालाच आवाज काढायला सांगावं लागत नाही. त्या रविवारी आम्ही नऊ जणांनी फोनवर ते म्हटलं. हॅम्बुर्गहून आवाज अर्धा सेकंद उशिरा यायचा, मडगावचा सूर भलतीकडं, काकांचे शब्द चुकीचे. आई दाराशी येऊन बघून गेली.

कारणाच्या जागी सांगलीनं काही लिहिलं नव्हतं, एक व्हिडिओ जोडला होता. मे महिन्यातला, मिरजेतल्या कुठल्याशा वरातीचा, म्हणजे दोन महिने त्यानं तो दाबून ठेवलेला. टेम्पोवर निळे-लाल दिवे फिरतायत, समोर पोरं घामानं निथळत नाचतायत, नवरदेव घोड्यावर कंटाळलेला. बेंजोवर ‘एमराल्ड स्वोर्ड’चा कोरस चाललाय, खाली हलगी आणि ताशा, आणि ते असं बसलंय की जणू मिरजेतच जन्मलंय. मग ती पळती ओळ येते. सांगलीची मान खाली, डावा हात बटणांवर दिसेनासा झालेला. शेवटचं वळण निघतं. स्वच्छ. तेवढ्यात फेटा सुटलेले एक मामा टेम्पोवर अर्धे चढतात, वीसची नोट त्याच्या डोक्यावरून ओवाळून बेंजोत खोचतात आणि कानात ओरडतात, “हे काय लावलंयस रं, नागीण वाजीव!” सांगली मान डोलावतो, हो म्हणतो, आणि कोरस आणखी एकदा पहिल्यापासून घेतो.